नामदार गोखले आणि आईबापांचा कायदा

आपल्या स्मरणिकेत प्रतिवर्षी एका थोर पुरुषाचे चरित्र देण्याचा प्रघात आहे. यंदा ते काम संपादक मंडळाने आमच्याकडे सोपविले, तेव्हा आम्ही नामदार गोपाळ कृष्ण गोखले यांचे नाव सुचविले. त्यावर एकदोघा सभासदांनी अशी शंका काढली की, गोखले आपल्या ज्ञातीचे नव्हेत, ते कोकणातले, त्यांचे कार्य पुण्यास, मुंबईस आणि कलकत्त्यास झाले, मग आपल्या कुरुंद्याशी आणि आपल्या समाजाशी त्यांचा संबंध तो काय? शंका रास्त आहे आणि तिचे उत्तर देणे हे आम्ही आपले कर्तव्य समजतो. उत्तर थोडक्यात असे की, आज आपल्या गावच्या शाळेत आपले मूल फी न देता बसते, त्याला कोणी परत पाठवू शकत नाही, आणि त्या शाळेच्या कारभारात आईबापांना कायद्याने जागा दिलेली आहे, या गोष्टींकडे नेणाऱ्या मोफत व सक्तीच्या शिक्षणाचा पहिला आराखडा ज्यांनी देशाच्या कायदेमंडळापुढे मांडला ते हे गोखले होत. त्यांचा तो कायदा पास झाला नाही. तरीही, किंबहुना म्हणूनच, त्यांचे चरित्र आपण वाचावे असे आम्हांस वाटते.

गोपाळरावांचा जन्म ९ मे १८६६ रोजी रत्नागिरी जिल्ह्यातील कोतळूक या खेड्यात झाला. घराणे प्रतिष्ठित परंतु गरीब. वडील कृष्णराव हे पोटापाण्यासाठी घाट चढून कागल संस्थानात नोकरीस राहिले होते. गोपाळचे प्राथमिक शिक्षण कागलास झाले आणि पुढील शिक्षणासाठी त्यास कोल्हापुरास ठेवण्यात आले. तो तेरा वर्षांचा असताना, १८७९ साली, वडील वारले. घरी विधवा आई, भावंडे आणि मिळकत काहीच नाही. अशा वेळी सामान्य कुटुंबात जे घडते तेच येथेही घडावयाचे. म्हणजे दोन्ही मुलांच्या हातची पाटी सुटून ती कोठेतरी चाकरीस लागावयाची. परंतु थोरले बंधू गोविंदराव यांनी निराळा निश्चय केला. त्यांनी स्वतःचे शिक्षण सोडले, कागलास पंधरा रुपये पगाराची नोकरी धरली आणि त्या पंधरांतील आठ रुपये ते दरमहा धाकट्या भावाच्या शिक्षणासाठी कोल्हापुरास धाडू लागले. उरलेल्या सात रुपयांत सारे घर चाले. पुढे कॉलेजचा खर्च आला तेव्हा वहिनींनी अंगावरील दागिने काढून दिले.

शालेय पुस्तकांतून गोखल्यांच्या बालपणीच्या सत्यप्रियतेची गोष्ट सर्वांनीच वाचलेली आहे. ती आम्ही येथे पुन्हा सांगत नाही. आमच्या मते त्यांच्या बालपणातील खरी शिकविणारी गोष्ट ही आठ रुपयांची आहे. ज्या घरात शिकविण्याची इच्छा आहे पण ऐपत नाही, त्या घराची कुतरओढ गोखल्यांनी पुस्तकात वाचलेली नव्हती, ती त्यांनी भोगलेली होती. एक भाऊ शिकला तो दुसऱ्याने शिकणे सोडले म्हणून. पुढे त्यांनी जो कायदा लिहिला त्यात गरीब आईबापांविषयी जी जपणूक ओळीओळीत दिसते, तिचे मूळ येथे आहे असे आम्ही समजतो.

१८८१ साली गोपाळराव मॅट्रिक झाले. कोल्हापूरचे राजाराम कॉलेज, पुण्याचे डेक्कन कॉलेज आणि मुंबईचे एल्फिन्स्टन कॉलेज अशा तीन ठिकाणी शिकून १८८४ साली, वयाच्या अठराव्या वर्षी, ते बी. ए. झाले. त्या काळी अठरा वर्षांच्या पदवीधरास सरकारी नोकरीचे दरवाजे सताड उघडे होते, आणि घरच्यांनी तशी आशा धरली असल्यास त्यात काही वावगे नव्हते. परंतु गोपाळरावांनी १८८५ साली पुण्याच्या न्यू इंग्लिश स्कूलमध्ये शिक्षकाची जागा पत्करली आणि पुढे ते डेक्कन एज्युकेशन सोसायटीचे आजीव सभासद झाले. अल्प वेतनावर वीस वर्षे संस्थेची सेवा करावयाची, अशी ती प्रतिज्ञा होती. फर्ग्युसन कॉलेजात त्यांनी इंग्रजी शिकविले, गणित शिकविले, पुढे इतिहास आणि अर्थशास्त्र शिकविले. शाळांसाठी त्यांनी सिद्ध केलेले अंकगणिताचे पुस्तक देशभर चालले. सुटीच्या दिवसांत, इतर लोक विश्रांती घेत त्या वेळी, ते कॉलेजच्या इमारतीसाठी गावोगाव वर्गणी गोळा करीत हिंडत. दारोदार जाऊन शिक्षणासाठी हात पसरणे म्हणजे काय, हे ज्यांनी एखाद्या शाळेच्या खोलीसाठी पावतीपुस्तक घेऊन गल्लीबोळ पालथे घातले आहेत त्यांसच कळेल.

१८८७ च्या सुमारास त्यांची न्यायमूर्ती महादेव गोविंद रानडे यांच्याशी गाठ पडली. रानडे यांस त्यांनी गुरू मानले. त्यांच्या हाताखाली सरकारी अहवाल, आकडे आणि अंदाजपत्रके वाचण्याची जी शिस्त लागली ती जन्मभर टिकली. १८९७ साली वेल्बी कमिशनपुढे साक्ष देण्यासाठी ते विलायतेस गेले. १८९९ साली मुंबईच्या कायदेमंडळावर निवडून आले. १९०२ च्या आरंभी ते व्हाइसरॉयांच्या वरिष्ठ कायदेमंडळात दाखल झाले आणि त्याच वर्षी त्यांनी कॉलेजचा निरोप घेतला. २६ मार्च १९०२ रोजी अंदाजपत्रकावर त्यांनी केलेले पहिले भाषण ऐकून सरकारी बाकांवरील मंडळीही चकित झाली. तिजोरीत शिल्लक दिसते ती रयत सुखी आहे म्हणून नव्हे, कर जास्त घेतले जातात म्हणून, हे त्यांनी सरकारच्याच आकड्यांनी दाखवून दिले. मिठावरील कर उतरावा आणि शिक्षणावरील खर्च वाढावा, या दोन गोष्टी ते दरवर्षी मागत राहिले. कायदेमंडळाच्या सभासदास त्या काळी नामदार म्हणत. पुष्कळांना ती पदवी लाभली, पण महाराष्ट्रात नामदार म्हटले की गोखलेच डोळ्यांपुढे येत.

१२ जून १९०५ रोजी त्यांनी पुण्यास भारत सेवक समाजाची स्थापना केली आणि त्याच वर्षीच्या डिसेंबरात ते बनारस येथील काँग्रेसचे अध्यक्ष झाले. त्यांच्या राजकारणाविषयी मतभेद होते आणि आजही आहेत. लोकमान्य टिळक आणि गोखले यांचे मार्ग वेगळे पडले, हे सर्वश्रुत आहे. त्या वादात आम्ही शिरत नाही. शिक्षणाच्या कायद्यापुरते बोलणे हाच या लेखाचा हेतू आहे.

त्या काळची स्थिती ध्यानात घ्यावी. १९११ च्या खानेसुमारीत या देशातील शंभर माणसांत लिहितावाचता येणारी माणसे सहादेखील भरली नाहीत. शंभर वर्षे इंग्रजांचे राज्य होऊन ही अवस्था होती. इंग्लंडात मात्र १८७० आणि १८७६ च्या कायद्यांनी, आणि आयर्लंडात १८९२ च्या कायद्याने, मुलांस शाळेत पाठविणे हे आईबापांवर बंधनकारक झालेले होते. आपल्याकडेही एक उदाहरण घडत होते. बडोद्याचे महाराज सयाजीराव गायकवाड यांनी १८९३ साली अमरेली भागात सक्तीच्या शिक्षणाचा प्रयोग केला आणि १९०६ साली तो सगळ्या राज्यास लागू केला. एका हिंदी राजास जे साधते ते इंग्रज सरकारास का साधू नये, असा गोखल्यांचा सरळ सवाल होता.

१८ मार्च १९१० रोजी त्यांनी वरिष्ठ कायदेमंडळात प्राथमिक शिक्षण मोफत आणि सक्तीचे करण्याच्या दिशेने पाऊल टाकावे, असा ठराव मांडला. सरकारने विचार करण्याचे आश्वासन दिले आणि गोखल्यांनी ठराव मागे घेतला. पण आश्वासनावर विसंबून स्वस्थ बसणारा तो पुरुष नव्हता. सुमारे एक वर्षाने, १६ मार्च १९११ रोजी, त्यांनी प्राथमिक शिक्षणाचे बिल कायदेमंडळापुढे आणले.

हे बिल कसे होते ते वाचकांनी नीट समजून घ्यावे, कारण सक्ती या शब्दाने आजही माणसे बिचकतात. सहा ते दहा वर्षे वयाच्या मुलग्यांस शाळेत पाठविणे आईबापांवर बंधनकारक करावयाचे; मुलींविषयी तीच तरतूद पुढे लागू करता येईल अशी वाट मोकळी ठेवावयाची. परंतु ही सक्ती एकदम साऱ्या देशावर लादावयाची नव्हती. ज्या गावच्या नगरपालिकेस किंवा ज्या जिल्ह्याच्या लोकल बोर्डास ती हवी असेल त्यांनी स्वतः ठराव करावा, प्रांतिक सरकारची संमती घ्यावी, आणि त्या भागात ठरावीक प्रमाणात मुले आधीच शाळेत जात असतील तरच ती लागू व्हावी, अशी व्यवस्था होती. म्हणजे प्रथम शाळा, मग सक्ती. आधी गुरुजी, मग दंड. जेथे बसावयास खोली नाही तेथे न येणाऱ्यास शिक्षा करणे हा अन्याय आहे, हे गोखले जाणून होते.

ज्या आईबापांचे उत्पन्न महिना दहा रुपयांहून कमी आहे त्यांच्याकडून फी घ्यावयाची नाही, असे बिलात स्पष्ट लिहिले होते. मूल आजारी असेल, घरात अडचण असेल, अथवा शेतीच्या हंगामात त्याच्या हाताची गरज असेल, तर गैरहजेरीस योग्य कारण आहे असे मानावयाचे होते. गावोगाव शाळाहजेरीच्या समित्या नेमावयाच्या, त्यांनी आधी आईबापांस समज द्यावयाची, आणि इतके करूनही कोणी ऐकले नाही तरच मॅजिस्ट्रेटपुढे नेऊन थोडका दंड करावयाचा. मुलास शाळेच्या वेळी कामास लावणाऱ्या मालकासही दंडाची तरतूद होती. खर्चाचा मोठा वाटा सरकारने उचलावा आणि उरलेला स्थानिक संस्थांनी, अशी त्यांची मांडणी होती.

शेतीच्या हंगामाचे ते कलम आम्ही प्रथम वाचले तेव्हा फार वेळ त्यावरच विचार करीत राहिलो. कलकत्त्याच्या दिवाणखान्यात बसून कायदा लिहिणाऱ्या माणसाला वेचणीच्या दिवसांत कुणब्याच्या घरी काय चालते हे ठाऊक होते. आमच्या वसमत तालुक्यात कापूस फुटला की वर्ग अर्धे होतात. माघ-फाल्गुनात हळदीची काढणी आणि शिजवणी सुरू झाली की वरच्या इयत्तांतील मुलेमुली आईबापांच्या मागे रानात जातात. आणि जी कुटुंबे ऊसतोडीस कोयता घेऊन बाहेर पडतात त्यांची मुले दिवाळीनंतर दिसत नाहीत. अशा बापास गुन्हेगार ठरविणारा कायदा सोपा आहे. त्याची अडचण मान्य करूनही त्याच्या मुलाचा हक्क न सोडणारा कायदा लिहिणे अवघड आहे. गोखल्यांनी हे अवघड काम केले.

बिल वर्षभर प्रांतिक सरकारांकडे, स्थानिक संस्थांकडे आणि लोकांकडे अभिप्रायासाठी फिरले. या काळात दिल्ली दरबारात, १९११ च्या डिसेंबरात, बादशहांनी शिक्षणासाठी पन्नास लाख रुपयांची देणगी जाहीर केली. देणगी चांगलीच, परंतु गोखल्यांस दान नको होते, कायदा हवा होता. कारण दान देणाऱ्याच्या मर्जीवर असते आणि कायद्यावर मागणाऱ्याचा अधिकार असतो. १८ आणि १९ मार्च १९१२ असे दोन दिवस बिलावर वादविवाद झाला.

विरोधकांचे म्हणणे काय होते, हेही न्यायबुद्धीने सांगितले पाहिजे. सरकारपक्ष म्हणे, पैसा नाही, इमारती नाहीत, शिकलेले मास्तर नाहीत. लोक आपणहून शाळेत येत आहेत तोवर सक्ती कशाला? मोठ्या जमीनदारांस भीती होती की, गडी-गुराखी शाळेत गेले तर शेतावर कोण राबणार, आणि चार अक्षरे शिकलेला माणूस पुन्हा नांगरास हात लावील काय? मुसलमान समाजातील काहींस आपली भाषा आणि आपले धर्मशिक्षण यांचे काय होईल अशी चिंता होती. आणि पुष्कळ सज्जनांस मनापासून असे वाटे की, मूल हे आईबापांचे. त्यास शाळेत घालावे की गुरांमागे धाडावे, हे ठरविण्याचा अधिकार बापाचा. त्यात सरकारने पडू नये, आणि पडलेच तर हाताखालचे शिपाई-कारकून गरिबास नागवतील.

या शेवटच्या आक्षेपास आम्ही सर्वांत अधिक वजन देतो, कारण तो खोटा नव्हता. सरकारी शिपाई दारात आला की गरिबाच्या पोटात गोळा येतो, हे तेव्हाही खरे होते आणि आजही अगदीच खोटे झालेले नाही. यावर गोखल्यांनी मांडलेल्या विचाराचा सारांश असा की, थोडा त्रास होईल हे कबूल, परंतु साऱ्या सुधारलेल्या राष्ट्रांनी तो त्रास पत्करला, कारण अज्ञानाचा त्रास त्याहून शतपट मोठा आहे. आम्ही आमच्या अल्पमतीने त्यात एवढीच भर घालू की, बापाचा मुलावर अधिकार असतो तो मुलाच्या हितासाठी. शेत वडिलोपार्जित असले तरी ते पडीक ठेवून पुढच्या पिढीस देशोधडीस लावण्याचा अधिकार वडिलांस आहे असे कोणी म्हणत नाही. मग मुलाच्या बुद्धीचे शेत पडीक ठेवण्याचा अधिकार त्यांस कोठून यावा?

पंडित मदनमोहन मालवीय, बॅरिस्टर जिना यांच्यासारख्या सभासदांनी बिलास पाठिंबा दिला. परंतु सरकारी मतांचे बळ मोठे होते. मते मोजली तेव्हा बिलाच्या बाजूने १३ आणि विरुद्ध ३८ पडली. बिल फेटाळले गेले. गोखले या निकालाने खचले नाहीत, आणि त्यांनी कोणास दूषणही दिले नाही. हा निकाल येणार हे त्यांस आधीच दिसत होते. आपल्या पिढीच्या वाट्यास अपयशातूनच देशसेवा करणे आले आहे, हे त्यांनी ओळखलेले होते, आणि ती सेवाही त्यांनी मनापासून पत्करली.

त्यानंतर त्यांस थोडेच आयुष्य लाभले. १९१२ च्या अखेरीस ते दक्षिण आफ्रिकेत जाऊन तेथील हिंदी लोकांची दैना पाहून आले. मोहनदास करमचंद गांधी हे त्यांस आपले राजकीय गुरू मानीत. सरकारी नोकऱ्यांविषयीच्या शाही कमिशनचे कामही त्यांनी प्रकृती ढासळत असताना चालविले. १९१४ साली सरकारने देऊ केलेला सर हा किताब त्यांनी नाकारला. मधुमेहाने शरीर पोखरले होते. १९ फेब्रुवारी १९१५ रोजी पुण्यास त्यांनी देह ठेवला. तेव्हा त्यांचे वय अवघे अठ्ठेचाळीस होते. जन्मभर ज्यांच्याशी वाद झाला त्या लोकमान्यांनी स्मशानात त्यांच्याविषयी आदराचे शब्द काढले. ही त्या पिढीची रीत होती. आजच्या सार्वजनिक जीवनात ती दुर्मिळ झाली आहे, म्हणून मुद्दाम नमूद करतो.

माणूस गेला, पण बिल मेले नाही. १९१७ साली कोल्हापूरचे छत्रपती शाहू महाराज यांनी आपल्या संस्थानात मोफत आणि सक्तीच्या प्राथमिक शिक्षणाचा कायदा केला आणि मुलास शाळेत न पाठविणाऱ्या पालकास दरमहा एक रुपया दंड ठेवला. ज्या कागल-कोल्हापुरात गोखले शिकले, तेथेच त्यांचे स्वप्न प्रथम खरे व्हावे, आणि ते आपल्यासारख्या समाजाचा कैवार घेणाऱ्या राजाच्या हातून व्हावे, हा योग विलक्षण आहे. १९१८ साली विठ्ठलभाई पटेल यांनी मुंबई इलाख्यातील नगरपालिकांसाठी सक्तीच्या शिक्षणाचा कायदा पास करून घेतला. १९५० साली अमलात आलेल्या संविधानाच्या पंचेचाळिसाव्या कलमात चौदा वर्षांपर्यंतच्या बालकांस मोफत आणि सक्तीचे शिक्षण देण्याचे धोरण लिहिले गेले.

आमच्या कुरुंद्याची कथा मात्र थोडी निराळी आहे. गोखल्यांचे बिल १९१२ साली पास झाले असते तरी ते येथे लागू झाले नसते, कारण आपला मुलूख निजामाच्या राज्यात होता. येथे वरच्या शिक्षणाची भाषा उर्दू होती. गावच्या लोकांनी स्वतः खाजगी शाळा काढावयाची म्हटले तरी पुढे सरकारी परवानगीचे अडथळे उभे राहिले. तेथे आईबापांवर सक्ती नव्हती हे खरे; पण आपल्या मुलास आपल्या भाषेत शिकविण्याची त्यांची इच्छाही मोकळी नव्हती. अशा काळात आमच्याच वसमत तालुक्यातील पुरजळचे केशवराव कोरटकर यांनी सहकाऱ्यांसह १९०७ साली हैदराबादेत विवेकवर्धिनी शाळा उभी केली, हे या भागातील प्रत्येक मुलास ठाऊक असले पाहिजे. १७ सप्टेंबर १९४८ रोजी निजामी राजवट संपली आणि मराठवाड्यातील खेड्यांस शाळांची वाट खऱ्या अर्थाने मोकळी झाली. आपल्या समाजातील बहुतेक घरांत पहिली सही करणारी पिढी त्यानंतरची आहे. जुन्या कागदांवरील आजोबा-पणजोबांचे अंगठे पाहावेत, म्हणजे आम्ही काय म्हणतो ते कळेल. गोखले ज्यांच्यासाठी झगडले ती मुले हीच होती. त्यांच्या स्वतःच्या ज्ञातीत लिहिणेवाचणे पूर्वापार चालत आले होते. त्यांस या कायद्याची गरज कमी होती. गरज होती ती आपणांस. म्हणून त्यांचे चरित्र आपल्या स्मरणिकेत हक्काने यावयास हवे.

पुढची हकीकत अलीकडची आहे. २००२ साली संविधानात ८६ वी दुरुस्ती झाली. तिने सहा ते चौदा वर्षांच्या प्रत्येक बालकास शिक्षणाचा मूलभूत हक्क दिला, आणि मुलास शिक्षणाची संधी देणे हे आईबापांचे मूलभूत कर्तव्य म्हणून लिहून ठेवले. त्यास अनुसरून २००९ साली बालकांच्या मोफत आणि सक्तीच्या शिक्षणाच्या हक्काचा कायदा झाला आणि १ एप्रिल २०१० पासून तो अमलात आला. गोखल्यांच्या बिलानंतर जवळजवळ शंभर वर्षांनी देशाने ते काम पुरे केले.

या दोन कायद्यांत एक मोठा फरक आहे. गोखल्यांच्या बिलात आईबाप हा दंडास पात्र होऊ शकणारा पक्ष होता. २००९ च्या कायद्यात आईबापांचे कर्तव्य सांगितले आहे पण त्यांस दंड सांगितलेला नाही. सक्ती आहे ती सरकारवर. शाळा जवळ असली पाहिजे, फी घेता कामा नये, वयाचा दाखला नाही म्हणून मूल परत पाठविता कामा नये, प्रवेशासाठी मुलाची वा आईबापांची परीक्षा घेता कामा नये. गुरुजींनी आईबापांच्या बैठका नियमाने घेऊन मुलाची हजेरी आणि प्रगती त्यांस सांगावी, हेही कायद्यातच आहे. आणि सर्वांत महत्त्वाचे म्हणजे सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि अनुदानित शाळेत व्यवस्थापन समिती असावी, तिच्यात चारांतील तीन सभासद आईबाप किंवा पालक असावेत, आणि समितीत निम्म्या स्त्रिया असाव्यात, असा नियम आहे. शाळेच्या कामावर देखरेख करणे, शाळेच्या विकासाचा आराखडा करणे आणि अनुदान कसे खर्च होते ते पाहणे, ही त्या समितीची कामे होत. १९११ च्या बिलातील हजेरी-समिती बापास समज देण्यासाठी होती. आजच्या समितीत बाप आणि आई स्वतः बसून शाळेस जाब विचारू शकतात.

इतके मिळाल्यावर आपण त्याचे काय केले, हा प्रश्न या लेखाच्या शेवटी विचारल्यावाचून राहवत नाही. आपल्या समाजात ज्यांस दोन पैसे मिळू लागले त्यांनी आपली मुले गावच्या शाळेतून काढून वसमतच्या किंवा नांदेडच्या खाजगी इंग्रजी शाळांत घातली. तो त्यांचा अधिकार आहे आणि त्याबद्दल आम्ही कोणास बोल लावीत नाही. परंतु त्याचा परिणाम असा झाला की, ज्यांस कागद वाचता येतो, हिशेब विचारता येतो, अधिकाऱ्यापुढे उभे राहून बोलता येते, ते आईबाप समितीतून आपोआप गळाले. उरले ते मजुरीवर जाणारे, ज्यांस बैठकीचा दिवस म्हणजे बुडालेला रोज. अशाने कागदावर तीन-चतुर्थांश पालक आणि प्रत्यक्षात दोन-चार सह्या, अशी गत अनेक ठिकाणी होते. गावातील मातांची नावे समितीत असतात; पण पुष्कळदा बैठकीस नवराच येतो आणि सही घरी जाऊन आणतो. ज्या अधिकारासाठी गोखल्यांनी हार पत्करली, तो अधिकार आपण असा उंबऱ्यावर ठेवून आत निघून जावे काय?

आमची मंडळास नम्र सूचना अशी आहे. प्रतिवर्षी आपण गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार करतो. तो अवश्य करावा. परंतु गुणवंत मुलास हात देणारे पुष्कळ असतात. त्याच समारंभात, ज्या घरातील मूल हंगामात शाळेतून गळाले त्या घरी जाऊन बसण्यासाठी चार कार्यकर्त्यांची नावेही ठरवावीत. ऊसतोडीस जाणाऱ्या कुटुंबाचे मूल मागे गावात नातलगाकडे ठेवता येते का, ठेवल्यास त्याच्या जेवणाचा भार कोण उचलील, याची चौकशी मंडळाने करावी. गोविंदरावांच्या आठ रुपयांचेच हे काम आहे. आणि आपल्यापैकी ज्यांची मुले अजून गावच्या शाळेत आहेत त्यांनी, विशेषतः भगिनींनी, समितीच्या बैठकीस स्वतः जावे, हिशेबाचे पुस्तक मागावे, आणि वाचता न येणाऱ्या सभासदास ते वाचून दाखवावे. ज्यांची मुले तेथे नाहीत त्यांनी निदान त्या मजूर आईबापांचा त्या दिवसाचा रोज बुडणार नाही एवढे पाहावे.

गोखल्यांच्या पुतळ्यास हार घालण्यासाठी पुण्यास जाण्याची जरुरी नाही. गावची शाळा घरापासून हाकेच्या अंतरावर आहे. पुढील बैठकीची तारीख मुख्याध्यापकांस विचारावी आणि त्या दिवशी तेथे जावे, एवढेच आमचे सर्व सभासद कुटुंबांस सांगणे आहे.